मांजरप्रेमींचा ग्रुप काढू नका

मांजरप्रेमींचा ग्रुप काढायचं ठरलं की आपल्याकडे सगळ्यात आधी लोगो तयार होतो. दोन टोकदार कान, मिश्या, शेपटीचा बदाम. मग नावावर दोन दिवस चर्चा. नावात 'म्याव' हवंच, यावर एकमत. मग व्हॉट्सअ‍ॅप, मग इन्स्टाग्राम. पहिला आठवडा फोटोंचा. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी विचारतं, 'पर्शियन किटन स्वस्तात कुठे मिळेल?' तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराला मेसेज येतो: 'स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडपाशी पिल्लू आहे, पाय मोडलाय, कोणीतरी प्लीज जा.' त्याखाली रडणारे चेहरे, जोडलेले हात, 'अपडेट द्या', 'मी गेले असते पण सध्या ठाण्यात आहे'. दोनशे माणसं, आणि जाणारं एकही नाही. सकाळी पिल्लाचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही, कारण सकाळी कोणाच्या तरी सिंबाचा वाढदिवस असतो.

असे चार ग्रुप मी आतून पाहिलेत. चारही अजून चालू आहेत, म्हणजे फोटो येतात. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मांजरप्रेमींचा ग्रुप काढू नका. तुमच्या गल्लीतल्या मांजरांचा काढा.

हा शब्दांचा खेळ वाटेल, पण फरक सभासद कोण होऊ शकतो याचा आहे. मांजरप्रेमींच्या ग्रुपात यायला प्रेम लागतं. ते कोणाकडेही असतं, फुकट असतं आणि कुठूनही करता येतं. बोरिवलीत बसून डोंबिवलीच्या मांजरावर करता येतं. गल्लीतल्या मांजरांच्या गटात यायला पत्ता लागतो. तुम्ही त्या गल्लीत राहता, कोपऱ्यावर मासे विकता, गेटवर रात्रपाळी करता, झालात सभासद. मांजरं आवडत नसली तरी चालेल. उलट एक-दोन न आवडणारे असलेले बरे. त्याबद्दल पुढे सांगते.

आपल्याकडे जुनी समजूत आहे की मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं. सात हा आकडा सोडून द्या, पण फिरवतं हे खरं. जिन्याखाली व्यालेली मांजरी आठवड्याभरात एकेक पिल्लू मानेला धरून मीटर बॉक्सच्या मागे नेते. तिथे कोणी वाकून पाहिलं की गच्चीवरच्या टाकीखाली. तिथून शेजारच्या इमारतीतल्या कोणाच्या तरी माळ्यावर. तुम्ही जिला 'आमची मनी' म्हणता तिला पलीकडे 'चिंगी' म्हणतात, आणि मासेवाल्या मावशी तिला कोणत्याही नावाशिवाय मांदेलीची डोकी टाकतात. तीन घरी जेवणारी ही मांजरी चौथ्या घरी व्यायला जाते, आणि ऑपरेशनचं बिल भरायची वेळ आली की ती कोणाचीच नसते. मांजराचं आयुष्यच असं अनेक उंबऱ्यांवर पसरलेलं आहे. मग त्याची काळजी घेणारा गटही त्याच उंबऱ्यांचा असायला हवा.

प्रेमींचे ग्रुप असे का होतात, याचा दोष मोबाइलला देऊ नका. हा आजार मोबाइलच्या शंभर वर्षं आधीचा आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते भरवणारे हॅरिसन वेअर हे चित्रकार होते. साध्या घरगुती मांजराकडे लोकांनी आदराने पाहावं, ही त्यांची इच्छा. पुढे १८८७ साली ब्रिटनचा नॅशनल कॅट क्लब निघाला, वेअर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. आणि काही वर्षांतच त्यांनी तो सोडला. सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसं मिळवण्यात जास्त रस आहे, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा बक्षिसं होती, आता लाइक्स आहेत. ज्याच्या घरी सुंदर मांजर आहे तो मिरवणार, आणि ज्याच्या जिन्यात आंधळं पिल्लू ओरडतंय तो त्या ग्रुपात बसून काय करणार?

आता जिन्यातल्या त्या पिल्लाकडे येऊ.

मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, कधी त्याआधीही. नऊ आठवड्यांत व्यायते. एका वेताला तीन-चार पिल्लं, कधी जास्त. आधीची पिल्लं दूध पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला दोन वेतं सहज, तीनही होतात. हा हिशोब कागदावर मांडला तर दोन वर्षांत गल्लीत पाय ठेवायला जागा उरू नये. उरते, कारण बहुतेक पिल्लं मरतात. गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी, पावसात गारठून, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पॅनल्युकोपेनियाने, ज्यात उलट्या-जुलाबांनी पिल्लू दोन-तीन दिवसांत कोमेजून जातं. हा विषाणू इतका चिवट असतो की ज्या खोक्यात एक वेत मेलं त्याच खोक्यात पुढचं ठेवलं तर तेही जातं. गल्लीतल्या मांजरांची संख्या दरवर्षी तेवढीच दिसते ती निसर्गाच्या समतोलामुळे, असं म्हणणाऱ्याने एकदा जुलैतल्या सकाळी जिन्याखालचं खोकं स्वतः उचलून पाहावं.

म्हणून नसबंदी. मांजरांच्या कोणत्याही गटाचं पहिलं, दुसरं आणि तिसरं काम हेच. अन्न त्यानंतर, फोटो सगळ्यात शेवटी. आणि इथेच मांजरप्रेमींचं आणि माझं बिनसतं. 'एकदा तरी आई होऊ दे ना तिला' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर हसूही येत नाही. मांजरीला मातृत्वाची आस नसते, तिला माज असतो. आई झाली नाही म्हणून झुरणारी मांजरी अजून कोणी पाहिलेली नाही. तुमच्या सासूने तुम्हाला जे ऐकवलं ते तुम्ही जिन्याखालच्या भाटीला ऐकवू नका.

दुसरं बिनसतं ते रात्री गुपचूप खाऊ घालणाऱ्यांशी. यात चांगली माणसं आहेत, पदरमोड करणारी आहेत, म्हणून बोलायला जड जातं. पण पोटभर खाल्लेल्या मांजरीची वेतं जास्त जगतात. तुम्ही रोज दहा मांजरांना घालता आणि एकीचंही ऑपरेशन करत नाही, तर पुढच्या वर्षी पंधरांना घालावं लागेल. तेवढे पैसे नसतील, मग काही उपाशी राहतील, सोसायटीत भांडणं होतील आणि एक दिवस कोणीतरी पोत्यात भरून त्यांना हायवेपलीकडे सोडून येईल. सोडून आलेली मांजरं तिथे मरतात, आणि इथली रिकामी जागा दोन महिन्यांत नवी मांजरं भरून काढतात, कारण इथला कचरा आणि इथले उंदीर इथेच असतात. 'मांजरमुक्त सोसायटी' करणाऱ्यांना हे कधी कळत नाही. ते दर दोन वर्षांनी पोतं शोधतात.

आता न आवडणाऱ्यांबद्दल. आमच्या गल्लीत आम्ही अकरा जण आहोत. त्यातल्या एका काकांना मांजरं मनापासून आवडत नाहीत. गाडीच्या बॉनेटवर ओरखडे, टायरवर बोक्याचे फवारे, आणि रात्री दोन वाजता खिडकीखाली लहान मूल रडावं तसा आवाज. तो आवाज अशुभ, हे त्यांच्या आईंचं म्हणणं. त्यांना मी भूतदयेवर भाषण दिलं नाही. एवढंच सांगितलं की तो आवाज माजाचा आणि बोक्यांच्या भांडणाचा असतो, फवारे हद्द आखण्यासाठी असतात, आणि ऑपरेशन झालं की दोन्ही बरंच कमी होतं. काकांनी पाचशे रुपये काढून दिले आणि बजावलं, 'हे माझ्या गाडीसाठी देतोय, मांजरांसाठी नाही. पावती लिहिताना तसंच लिही.' मी तसंच लिहिलं. दर महिन्याला न मागता पैसे देणारे आमच्यात तेच एक आहेत. प्रेमींच्या ग्रुपात त्यांना पहिल्याच दिवशी 'हार्टलेस' म्हणून काढून टाकलं असतं.

आणि ज्यांना ग्रुपात घेतलंच जात नाही त्यांचं काय? गल्लीतल्या मांजरांची खरी माहिती कोणाकडे असते? नाक्यावर पाटी घेऊन बसणाऱ्या मावशींकडे. कोणती गाभण आहे, कोणता बोका नवा आलाय, कोणती चार दिवस दिसली नाही, त्यांना तोंडपाठ असतं, कारण मांजरं हजेरी त्यांच्याकडे लावतात. दुसरी माहिती रात्रीच्या वॉचमनकडे. तिसरी, पाच घरी धुणी-भांडी करणाऱ्या ताईंकडे, ज्या एका घरातला शिळा भात दुसऱ्या जिन्यात नेऊन घालतात. यातलं कोणीही 'पेट पेरेंट' म्हणवत नाही. ग्रुपची भाषा अर्धी इंग्रजी, गप्पा आयात केलेल्या कॅटफूडच्या, भेटायचं ठिकाण तीनशे रुपयांची कॉफी मिळणारा कॅफे. तिथे मावशी येणार कशा? मांजरांसाठी गट काढायचा आणि मांजरांना ओळखणारी माणसं बाहेर ठेवायची, याला मी तरी मांजरप्रेम म्हणणार नाही. हौस म्हणेन. हौस करा, पण तिला समाजकार्य म्हणू नका.

हे सगळं आत्ताच का, तर पुनर्विकासामुळे. डोंबिवलीत, ठाण्यात, मुलुंडला, पुण्याच्या पेठांत जुन्या तीन-चार मजली इमारती एकेक करून खाली होतायत. माणसांना भाडं मिळतं, ट्रक येतो, कपाटं उतरतात. मांजरांना यातलं काही कळत नाही. त्या इमारतीचा जिना, गच्ची, तळमजल्यावरच्या आजींची खिडकी हाच त्यांचा मुलूख असतो. एका महिन्यात चाळीस स्वयंपाकघरं बंद होतात, भोवती निळे पत्रे उभे राहतात आणि आत आठ-दहा मांजरं राहतात. मांजर माणसापेक्षा जागेला जास्त धरून असतं, म्हणून आवाज सुरू झाला तरी ती लांब जात नाहीत. पाडकाम सुरू असताना पिल्लं काढायला आत कोण जाणार? कोणत्या माळ्यावर वेत आहे हे सांगणारं कुटुंब आता बदलापूरला भाड्याने राहतं. शहरभर पसरलेला पाच हजार सभासदांचा ग्रुप अशा वेळी 'खूप वाईट वाटलं' एवढंच लिहू शकतो. इमारत रिकामी व्हायच्या दोन महिने आधी कोणती मांजरं कुठे खातात हे लिहून काढणं, भाट्यांची ऑपरेशनं उरकणं, जेवणाची ताटली रोज थोडी थोडी पलीकडच्या आवारात सरकवणं, बिल्डरच्या सुपरवायझरचा नंबर घेऊन ठेवणं, हे गल्लीतलीच माणसं करू शकतात. पत्रे लागल्यावर फार काही करता येत नाही.

दुसरं कारण, एकट्या बाया. जवळजवळ प्रत्येक सोसायटीत तळमजल्यावर एक बाई असतात. लग्न न झालेल्या, किंवा विधवा, किंवा मुलं परदेशी. त्या मांजरांना खाऊ घालतात. त्यांच्याबद्दल काय बोललं जातं हे तुम्हाला माहीत आहे. मला लिहायची गरज नाही. सोसायटीची नोटीस त्यांनाच येते, पार्किंगमधल्या प्रत्येक घाणीचं खापर त्यांच्यावर, आणि एके सकाळी खाण्याच्या ताटलीत कोणीतरी काहीतरी मिसळलेलं असतं. पोलिसांत एकट्या गेल्या तर 'मावशी, मांजरासाठी काय तक्रार करता' म्हणून परत पाठवतात. चार बिऱ्हाडं सोबत गेली की खुर्ची मिळते. तेव्हा कायदा तोंडपाठ असलेला बरा. १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती आहे? दहा ते पन्नास रुपये. वडापावच्या हिशोबातला दंड. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ वेगळं आहे: प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीत हे कलम लिहायला लावा. आणि २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम वस्तीतल्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था लावायची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनेवरच टाकतात. म्हणजे नोटीस काढणाऱ्या सेक्रेटरींना विचारता येतं, 'साहेब, जागा आणि वेळ तुम्ही ठरवून द्यायची होती. कुठली ठरवली?'

असं काही परदेशातच चालतं, असं कोणी म्हणेल. हो, चालतं, आणि तिथेही ते आधी बायकांनीच केलं. रोममध्ये जिथे ज्युलियस सीझरचा खून झाला त्या लार्गो अर्जेंटिनाच्या अवशेषांत मांजरांची वस्ती आहे. शहरात ठिकठिकाणी मांजरांना खाऊ घालणाऱ्या बायकांना तिथे 'गत्तारे' म्हणतात, आणि हा शब्द कौतुकाने कमी, हेटाळणीने जास्त वापरला जायचा. इटलीने १९९१ साली २८१ क्रमांकाचा कायदा केला. त्यानुसार मोकळ्या राहणाऱ्या मांजरांना छळायचं नाही, सरकारी पशुवैद्यक सेवेने त्यांची नसबंदी करायची आणि त्यांना त्यांच्याच वस्तीत परत सोडायचं. आपल्याकडे २००१ साली जन्म नियंत्रणाचे नियम आले तेव्हा त्यांच्या नावातच कंसात 'कुत्रे' होतं. मांजर कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. काही शहरांत आता पालिका मांजरांची ऑपरेशनं करतात, पण तिथे पोचवायला मांजर आधी पकडावं लागतं, आणि पकडायला रोज त्याच वेळी त्याच जागी दिसणारं माणूस लागतं.

लागतं काय, तर फार थोडं. झडपेचा एक पिंजरा, जो कोणाच्या तरी गॅलरीत पडून राहील. जुन्या चादरी, कारण पिंजरा झाकला की आतलं मांजर शांत होतं. एक वही. कोणाच्या तरी बाथरूमचे चार-पाच दिवस. आमच्याकडे खाजगी दवाखान्यात भाटीच्या ऑपरेशनला तीन ते पाच हजार लागतात, बोक्याला त्याहून कमी. डॉक्टर ओळखीचे झाले आणि महिन्याला दोन नक्की येणार हे त्यांना कळलं की भाव खाली येतो. बेशुद्ध असतानाच कानाचं टोक कापून घ्या, म्हणजे त्याच मांजरीला दुसऱ्यांदा पोटावर चिरायची वेळ येणार नाही. आणि औषधांच्या बाबतीत प्रेमी लोकांना लांब ठेवा. पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्याच्या पिसवांचं परमेथ्रिन असलेलं औषधही घेते. ताप आलाय म्हणून प्रेमाने क्रोसिन चारणारे मी पाहिलेत.

पर्शियनबद्दल एवढंच. चपट्या नाकाने धापा टाकणारं, डोळ्यांतून सतत पाणी गळणारं मांजर एप्रिलच्या डोंबिवलीत विकत घेऊन ठेवणाऱ्याला मी प्राणिप्रेमी म्हणत नाही. २०१८च्या नियमांप्रमाणे प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तुमच्या ग्रुपात 'घरगुती ब्रीडर, डिलिव्हरी मिळेल' अशी पोस्ट पडली तर नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर काय होतं बघा. अ‍ॅडमिन तुम्हालाच समजवायला येतो.

एक आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. मैत्रीण म्हणाली, 'सगळ्याचं काम कशाला करतेस? माणसं एकटी आहेत, मांजराच्या निमित्ताने चार लोक भेटले, हसले, यात वाईट काय?' वाईट काहीच नाही. भेटा की. पण एकटेपणा जायला फोटो पुरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. काका आणि मावशी एकाच नाक्यावर बावीस वर्षं एकमेकांना पाहतायत. बोलायला लागले ते भाटी पकडायच्या रात्री, कारण पिंजऱ्याची दोरी एकाला धरावी लागते आणि मांजर कुठून येतंय हे दुसऱ्याला सांगावं लागतं. त्या रात्री मांजर मिळालं नाही. दोघं मिळून वॉचमनवर खेकसले.

सध्या आमची अडचण मागच्या गल्लीतली तिरंगी आहे. वॉचमनदादा ठामपणे 'तो बोका आहे' म्हणतात. तिरंगी मांजर जवळपास नेहमीच मादी असतं हे त्यांना दोनदा सांगून झालं. पोट दिसायला लागलंय, दोन महिन्यांनी समोरच्या इमारतीला पत्रे लागणार आहेत, आणि बाई रोज पिंजऱ्याच्या दाराशी येऊन बांगडा हुंगतात आणि परत जातात. मावशींचं म्हणणं, बांगड्याने काही होणार नाही, सुके बोंबील लावा, थोडे भाजून. काकांनी विचारलंय की वास गाडीपर्यंत येईल का. येईल. शनिवारी रात्री लावतोय.